मुंबईचा प्लेग आणि डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य (इ. स. १८९६–१९०७)

मुंबईत १८९६ साली उद्भवलेल्या प्लेगचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण नाही. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा अहवाल आहे. ब्रिगेडिअर-जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग कमिटीचा अहवाल आहे. कॅप्टन काँडन यांनी १९०० मध्ये संपादिलेला विस्तृत वृत्तान्त आहे. शिवाय हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनपुढे झालेल्या साक्षींचे जाडजूड खंड आहेत. किती घरांस चुना दिला, किती गटारे धुतली, किती झोपड्या उभारल्या, किती प्रवाशांची आगगाडीच्या स्थानकांवर तपासणी झाली, याचा हिशेब या साधनांत मोठ्या काटेकोरपणे मांडलेला आढळतो. डॉक्टरांचा उल्लेखही त्यांत वारंवार येतो. पण तो बहुधा खाटा, चुना व कार्बोलिक यांच्या पंक्तीस बसवून, म्हणजे किती उपलब्ध होते व किती हवे होते, एवढ्यापुरता येतो. त्यांतील कोणी आजारी पडून मरण पावला तर त्याची नोंद होते. परंतु जो मेला नाही, रोज सकाळी उठून रुग्णालयात गेला, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर दाखल झालेल्यांपैकी बहुसंख्य माणसे काही दिवसांत संपली, त्याच्या मनाचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर ही साधने देत नाहीत. हा प्रश्न त्यांना विचारण्याची आजवर आपणही फारशी तसदी घेतलेली नाही.

प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा यत्न केला आहे. त्यापूर्वी एका धोक्याची जाणीव ठेवणे अवश्य आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसास आजच्या मनोविकारशास्त्रातील नाव चिकटवून मोकळे होणे सोपे असते; पण त्याने इतिहासाचे ज्ञान वाढत नाही. त्या काळच्या वैद्यकास मनाच्या थकव्याचे भान नव्हते असे मात्र मुळीच नाही. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड याने १८६९ मध्येच ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, ही संज्ञा रूढ केली होती, आणि हिंदुस्थानातील युरोपीय अधिकारी ती सर्रास वापरीत. परंतु तिचा दोष ते येथील हवामानाकडे देत. प्रकृती ढासळली की वैद्यकीय रजा घ्यावी, बोटीने स्वदेशी जावे आणि थंड हवेत ताजेतवाने होऊन परतावे, असा तो परिपाठ होता. हाच थकवा एखाद्या एतद्देशीय हॉस्पिटल असिस्टंटास आला, तर त्यास ना रजा होती ना संज्ञा. तो ‘नोकरी सोडून गेला’ एवढीच नोंद उरते. इतिहासकारास या एका वाक्यापाशीच थांबून विचार करावा लागतो.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागातील नवरोजी हिलजवळ एका रुग्णास तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेगच होय, असे निदान केले. व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे, मुंबईत व्यवसाय करणारे व महापालिकेचे सभासद होते. आज हे निदान फार मोठे वाटत नाही, कारण त्यापुढे काय घडले ते आपणांस ठाऊक आहे. पण ज्या शहराचे सारे जीवन बंदरावर व कापसावर उभे, त्या शहरात प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे परदेशी बंदरांची दारे स्वतःच्या हाताने बंद करून घेणे होते. तो शब्द टाळण्याकडे अधिकाऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा कल असावा हे ओघानेच आले. एकट्या डॉक्टराने तो आधी उच्चारावा आणि तो खरा ठरू नये अशी मनोमन इच्छाही करावी, असा तो विलक्षण प्रसंग होता. दुर्दैवाने तो खरा ठरला. १८९१ च्या गणतीत आठ लाख एकवीस हजारांवर असलेल्या मुंबईच्या वस्तीपैकी पुढील फेब्रुवारीपर्यंत सुमारे निम्मे लोक शहर सोडून गेले.

शहर ओस पडत असता जे मागे राहिले त्यांत डॉक्टर होते, आणि त्यांच्या हाती उपाय काहीच नव्हता. प्लेगचा जंतू यर्सिन व किटासाटो यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तो रोग पसरतो कसा हे मात्र कोणासही ठाऊक नव्हते. पिसवांचा संबंध फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने १८९८ च्या जूनमध्ये कराचीत प्रयोगाने दाखविला, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्यास कोणी मानले नाही. म्हणजे पहिली दोन वर्षे रुग्णाच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर संसर्ग हवेतून येतो, जमिनीतून येतो, धान्यातून येतो की रुग्णाच्या श्वासातून येतो, हे न जाणता उभा होता. भीतीस दिशा असली तर माणूस सावध राहू शकतो. दिशाहीन भीती त्यास सर्वत्र गाठते. १८९७ च्या मार्चमध्ये खुद्द यर्सिन आपले रक्तद्रव घेऊन मुंबईस आला. त्याच्या येण्याने मोठी आशा निर्माण झाली. पण परिणाम निराशाजनक निघाले. त्यापूर्वी, १८९७ च्या जानेवारीतच, सर्जन-मेजर मॅन्सर हे जमशेटजी जिजीभाई रुग्णालयातील नामांकित डॉक्टर प्लेगास बळी पडले होते. आपल्या गुरूस वा सहकाऱ्यास ज्या रोगाने नेले, त्याच रोगाच्या खाटांमधून दुसऱ्या दिवशी फेरी मारावयाची, हा त्या मंडळींचा नित्यक्रम होता. आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयाचा भार डॉ. नसरवानजी चोक्सी यांच्यावर होता. प्लेगच्या लक्षणांविषयी व उपचारांविषयी त्यांनी केलेल्या नोंदी वैद्यकाच्या इतिहासात मोलाच्या ठरल्या आहेत. मात्र अशा नोंदींतून रुग्णाची नाडी कळते, लिहिणाऱ्याची कळत नाही. ती न कळू देणे हाच त्या व्यवसायाचा शिष्टाचार होता.

या भीतीहून निराळा, आणि माझ्या मते अधिक झिजविणारा असा दुसरा भार म्हणजे लोकांचा अविश्वास. १८९६ च्या ऑक्टोबरात रुग्णांस सक्तीने वेगळे करण्याचे धोरण जाहीर होताच शहरात अफवांचे पीक आले. रुग्णालयात नेतात ते मारण्यासाठी, अशी समजूत पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. पुढे १८९८ च्या ९ मार्चला भायखळ्याच्या रिपन रोडवर एका मुलीच्या तपासणीवरून दंगा पेटला व तो शहरभर पसरला. अशा प्रसंगांचे वर्णन सरकारी अहवालांत ‘अज्ञानी जमाव’ या एका सदरात उरकलेले असते. त्यास संमती देणे मला शक्य नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर झालेल्या साथीच्या रोगांच्या कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती जी सत्ता दिली, तिच्या आधारे सोजीर घरांत शिरले, देवघरे बाटली, स्त्रियांची उघड्यावर तपासणी झाली, मृतदेह अडवून ठेवले गेले. पुण्यात या जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडच्या वधात झाली, हे सर्वश्रुत आहे. लोकांचा क्षोभ निराधार नव्हता. परंतु म्हणूनच डॉक्टराची, विशेषतः एतद्देशीय डॉक्टराची, कोंडी समजून घेणे अगत्याचे आहे. त्याच्या गळ्यात नळी होती, पण त्याच्या मागे शिपाई उभा होता. ज्या आळीत तो लहानाचा मोठा झाला, जेथे त्यास ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून ओटीवर पाट मिळे, त्याच आळीत आता त्याची पावले वाजताच दारे बंद होऊ लागली. रुग्णाची गाठ दिसली तर कळवावयाची, की न दिसल्यासारखे करावयाचे? कळविले तर आपल्या माणसांशी द्रोह, न कळविले तर आपल्या विद्येशी. या पेचातून सुटण्याचा मार्ग कायद्याने त्यास दिला नव्हता.

या कायद्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १८९७ चा हा लहानसा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा प्रथम त्याचाच आधार घ्यावा लागला. त्याच्या मूळ चौथ्या कलमाने कायद्यानुसार सद्‌भावाने काम करणाऱ्यास दाव्यांपासून संरक्षण दिले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये चेन्नई येथे साथीत मरण पावलेल्या एका मज्जाशल्यविशारदाच्या दफनास जमावाने विरोध केला, शववाहिनीवर दगडफेक केली, आणि त्याच्या सहकाऱ्यास रात्री स्वतःच्या हातांनी माती लोटून तो विधी पुरा करावा लागला. याच सुमारास देशात अन्यत्रही डॉक्टरांवर व परिचारिकांवर हल्ले झाले. २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून, व त्याच वर्षी पुढे संसदेत अधिनियम करून, आरोग्यसेवकांवरील हिंसा हा दखलपात्र व जामीन न मिळणारा गुन्हा ठरविण्यात आला. गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. म्हणजे १८९७ मध्ये कायद्याने डॉक्टरास न्यायालयापासून वाचविले, आणि १२३ वर्षांनी जमावापासून. आर्थर रोड व चेन्नई या दोन प्रसंगांमध्ये जंतुशास्त्राचे अख्खे युग उलटून गेले आहे. पण साथीतील डॉक्टर स्वतःच संसर्गाचे रूप समजला जातो, ही गोष्ट तशीच राहिली.

सक्तीच्या यंत्रणेबाहेर राहून ज्यांनी काम केले त्यांचा अनुभव कदाचित निराळा असेल. पुण्याजवळ हडपसर भागात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता व त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथे रुग्णांची शुश्रूषा करीत. तेथे सोजीर नव्हते. रुग्ण पकडून आणिला जात नसे, तर उचलून, कित्येकदा पाठीवर घेऊन, आणिला जाई. सावित्रीबाईंस तेथेच संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुत्र डॉक्टर, रुग्ण आई, आणि तिला हा रोग जडला तो त्याच्याच दवाखान्यात. सावित्रीबाईंच्या आत्मत्यागावर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात यशवंतराव कोणत्या मनाने उभे राहिले असतील, हा विचार चरित्रकारांस सुचलेला दिसत नाही. पुढे ते स्वतःही अकालीच, १९०५ मध्ये, वारले.

आता ज्या एका व्यक्तीच्या बाबतीत साधने थोडी अधिक बोलतात, तिच्याकडे वळू. वॉल्देमार हाफकिन हे १८६० मध्ये ओडेसा येथे यहुदी कुटुंबात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असता १८९२ मध्ये त्यांनी पटकीवरील लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. मुंबईत प्लेग पसरताच १८९६ च्या ऑक्टोबरात सरकारने त्यांस तेथे धाडले. त्यांस मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक ओसरी, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. हा प्रकार वाचताना हसू येते, पण तेथे चाललेले काम हसण्यासारखे नव्हते. मांसाच्या रसावर तूप तरंगत सोडून त्याखाली प्लेगच्या जंतूंची वाढ करावयाची, ती स्तंभांसारखी खाली लोंबू लागली की हलवून तळाशी पाडावयाची, पुनः वाढवावयाची, आणि शेवटी उष्णतेने जंतू मारून लस सिद्ध करावयाची, अशी ती पद्धत होती. जगातील अत्यंत घातक जंतू काचेच्या बाटल्यांतून पिकवीत, दिवसाचे कित्येक तास, तीन महिने हे काम चालले. बाहेर शहरात माणसे मरत होती, आणि लस केव्हा होणार म्हणून सरकार, वृत्तपत्रे व वैद्यकीय वर्तुळ विचारणा करीत होते.

याच तीन महिन्यांविषयी एक लहानशी नोंद हाफकिन यांच्या चरित्रांतून येते. त्यांच्या मदतनिसांपैकी एकाचा मानसिक तोल ढळला व दोघे काम सोडून गेले. चरित्रकार हे वाक्य हाफकिन यांच्या चिकाटीचा पुरावा म्हणून देतात व पुढे जातात. प्रस्तुत लेखकास मात्र त्या तीन मदतनिसांपाशी थांबावेसे वाटते. त्यांची नावे या वृत्तान्तांत येत नाहीत. शोधाचे श्रेय त्यांस मिळावयाचे नव्हते, पदक मिळावयाचे नव्हते. बाटली फुटली तर मृत्यू मात्र सर्वांस सारखा होता. हाफकिन यांच्याजवळ ध्येय होते, कीर्तीची आशा होती, पाश्चरच्या परंपरेचा अभिमान होता. मनाचा भार पेलण्यास ही साधने थोडी नव्हेत. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही असा माणूस त्याच ओसरीत, त्याच बाटल्यांसमोर उभा राहिला तर तो आधी मोडतो, यात नवल नाही. आणि मग इतिहास त्यास दुर्बल म्हणतो.

ही भीती काल्पनिक नव्हती, हे व्हिएन्नातील एका प्रकरणाने लौकरच सिद्ध केले. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाहून मुंबईस आलेल्या वैद्यकीय मंडळात हेर्मान फ्रान्झ म्युलर हा तरुण डॉक्टर होता. मुंबईच्या रुग्णालयात त्याने शेकडो प्लेगरुग्ण पाहिले व सुखरूप परतला. बरोबर नेलेल्या जंतूंवर व्हिएन्नात प्रयोग चालू असता १८९८ च्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेतील नोकर बारिश यास फुप्फुसाचा प्लेग झाला. म्युलरने त्याची शुश्रूषा केली. बारिश मेला, आणि पाठोपाठ २३ ऑक्टोबर रोजी म्युलरही मेला. रोगाचे स्वरूप त्यास पूर्णपणे ठाऊक असल्यामुळे पहिल्या लक्षणापासून आपला अंत त्यास स्पष्ट दिसत होता. त्याने स्वतःस खोलीत कोंडून घेतले व अखेरपर्यंत आपल्या लक्षणांची माहिती दिली. शुश्रूषा करणारी एक परिचारिकाही त्यानंतर मृत्यू पावली. तज्ज्ञाचे ज्ञान त्यास वाचवीत नाही, उलट कित्येकदा अज्ञानाचा आधारही हिरावून घेते, असे हे उदाहरण आहे.

लस सिद्ध झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी दहा घनसेंटिमीटर लस, म्हणजे पुढे सर्वसाधारणपणे दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट, डॉ. सर्व्हेयर यांच्या हस्ते स्वतःस टोचून घेतली. कॉलेजचे प्राचार्य त्या वेळी उपस्थित होते. बाहेर मात्र ही गोष्ट तत्काळ फोडण्यात आली नाही. ताप चढला, वेदना झाल्या, पण ते काम करीत राहिले. या कृतीस धैर्य म्हणावे हे उघडच आहे. तथापि तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या अंगात सुई खुपसण्याचे उत्तरदायित्व ज्याच्यावर आहे, त्यास आधी ती स्वतः सोसल्याखेरीज ते उत्तरदायित्व पेलत नाही; स्वतःचे शरीर तारण ठेवून तो आपल्या मनाची समजूत घालतो. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला व टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण न टोचलेल्यांच्या मानाने पुष्कळच कमी आढळले. त्यानंतर दिवस पालटले. तरुण आगाखान यांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या अनुयायांची भीती घालविली व प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. १८९७ मध्ये हाफकिन यांस सी. आय. ई. ही पदवी मिळाली, आणि १८९९ च्या ऑगस्टात परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटाने सुरू झाली. लस लक्षावधी मात्रांनी बाहेर पडू लागली.

श्रम, मृत्यूची भीती, अपुरी साधने व लोकांचा अविश्वास या चारही गोष्टी हाफकिन यांनी पचविल्या. त्यांस ज्याने खचविले ते निराळेच होते.

१९०२ मध्ये पंजाबात टोचणीची मोठी मोहीम हाती घेण्यात आली व लसीची मागणी एकाएकी वाढली. ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून, क्रमांक ५३-एन, ज्या १९ जणांस टोचले होते, त्या सर्वांस आठवड्याच्या आत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली व ते सर्व मरण पावले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले ते मुल्कोवाल येथे उघडण्यापूर्वी, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, असा आयोगाचा निष्कर्ष झाला. वाढत्या मागणीसाठी हाफकिन यांनी लस सिद्ध करण्याची रीत बदलून तीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले होते व केवळ उष्णतेवर विसंबले होते. पाश्चर संस्थेतही उष्णतेची रीत मान्य होती. पण आयोगाच्या दृष्टीने हाच दोष ठरला. हाफकिन यांस पदावरून दूर करण्यात आले व इंग्लंडला परतावे लागले.

या निष्कर्षाविरुद्धचे पुरावे चौकशीच्या कागदांतच होते, ही या प्रकरणातील खरी दारुण गोष्ट होय. त्या दिवशी मुल्कोवालास बाटलीचे बूच काढताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. जमिनीच्या धुळीत, विशेषतः जेथे गुरांचा वावर असतो तेथे, धनुर्वाताचे जंतू असतात, हे त्या वेळीही ज्ञात होते. तो चिमटा उकळून न घेता सौम्य कार्बोलिकात बुडवून पुनः वापरण्यात आला. शिवाय बाटली उघडताना दुर्गंधी आली नाही. धनुर्वाताचे जंतू तीत कित्येक आठवडे वाढत असते तर ती आल्यावाचून राहिली नसती. आणि तिसरे असे की, बाटलीत विष आधीच साचले असते तर रुग्णांस लक्षणे तात्काळ दिसावयास हवी होती. ती प्रकट होण्यास आठवडाभर लागला, याचाच अर्थ थोडेसे ताजे जंतू शरीरात शिरले व तेथे वाढले. पदच्युत हाफकिन हे मुद्दे मांडीत राहिले. आयोगाचे कागदपत्र प्रसिद्ध होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. तोवर ज्याच्यावर १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, त्यास आपल्या बाजूचा पुरावा जगापुढे ठेवण्याची सोय नव्हती.

कागद प्रसिद्ध होताच सर रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून व ‘नेचर’मधून हे प्रकरण धसास लावले. रॉस यांचा स्वतःचा हिंदुस्थानी वैद्यकीय खात्यावर राग होता व तो लपविण्याची त्यांची वृत्ती नव्हती. तेव्हा त्यांच्या भाषेतील काही तिखटपणा त्या खाती टाकावा लागेल. पण त्यांचे शास्त्रीय म्हणणे बिनतोड होते. मुल्कोवालचा दोष प्रयोगशाळेवर लादल्याने लोकांचा टोचणीवरील विश्वास उडतो व त्यापायी आणखी माणसे मरतात, हेही त्यांनी बजाविले. १९०७ च्या जुलैमध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र ‘टाइम्स’मध्ये आले आणि नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांस पुनः नोकरीत घेतले. मुंबईची संचालकाची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांस कलकत्त्यास पाठविण्यात आले. ते गेले, १९१४ पर्यंत तेथे राहिले. पण लोकांवर लसीचे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांस पूर्वीसारखी मिळाली नाही. वयाच्या चाळिशीपर्यंत दोन महारोगांवर लसी देणाऱ्या या माणसाच्या हातून त्यानंतर तोलामोलाचा शोध लागला नाही. निवृत्त झाल्यावर ते यहुदी धर्माच्या आचारनिष्ठ परंपरेकडे वळले व तीविषयी लिहू लागले. विवाह त्यांनी केला नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा मृत्यू झाला.

हाफकिन यांचे चरित्रकार, स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते सेल्मन वॅक्समन, यांनी आपल्या १९६४ च्या ग्रंथाच्या नावातच हे जीवन तेजस्वी व शोकात्म म्हटले आहे. या प्रकरणास ‘लहानसे ड्रायफस प्रकरण’ असेही म्हणण्यात आले. एक यहुदी, जन्माने रशियाचा, डॉक्टरीची पदवी नसलेला जंतुशास्त्रज्ञ इंग्रजी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पंक्तीत नेहमीच उपरा होता, आणि संकटकाळी उपऱ्याकडे प्रथम बोट जाते. हे सारे मान्य करूनही एक मुद्दा शिल्लक राहतो. आजचे मनोविकारशास्त्र अतिश्रमाने येणारी क्लान्ती व ‘नैतिक आघात’ यांत भेद करते. ही दुसरी संज्ञा व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अभ्यासातून विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. ज्यांच्या आज्ञेवर विश्वासून माणूस प्राण पणास लावतो त्यांनीच त्याचा घात केला, अशी जाणीव तिच्या मुळाशी असते. हाफकिन यांस कोणता मनोविकार झाला हे मी सांगू इच्छीत नाही; तसे सांगण्यास आधार नाही. परंतु १८९६–९७ मधील परिश्रमांनी व भीतीने त्यांचे कर्तृत्व फुलले, आणि १९०२–०७ मधील ठपक्याने ते सुकले, हा क्रम कागदपत्रांतून स्पष्ट दिसतो. साथीत डॉक्टर थकतो म्हणून मोडतो, ही समजूत अपुरी आहे. पुष्कळदा तो एकटा पाडला गेला म्हणून मोडतो.

आक्षेप असा घेता येईल की, हे विवेचन एका मोठ्या माणसाच्या दुःखाभोवती फिरते. आक्षेप रास्त आहे. ज्याच्या हातून चिमटा पडला, तो मदतनीसही साथीचाच कामगार होता. एका दिवसात शंभरावर लोकांस टोचण्याच्या घाईत ती वस्तू पडली, त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ती धुतली, आणि आठवड्याभरात १९ माणसे मेली. आयोगाने प्रयोगशाळेस दोषी धरल्यामुळे तो सुटला. रॉस यांनी प्रयोगशाळेस सोडविले तेव्हा दोष पुनः त्या चिमट्यावर आला. मोठ्याची निर्दोषता सिद्ध होण्यासाठी लहानाचा दोष उजेडात यावा लागला. त्याच्या बाजूने ‘टाइम्स’ला पत्र लिहिणारे कोणी नव्हते. ओसरीतील त्या तीन अनाम मदतनिसांच्या शेजारी या चौथ्यासही बसवावे लागेल.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्या वेळचे संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने हे घडले. हाफकिन तेव्हा युरोपात होते. त्यांनी उत्तरादाखल कृतज्ञता कळविली. मुंबईच्या कामात आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे खर्ची पडली, तेव्हा त्यासंबंधीच्या प्रत्येक गोष्टीविषयी आपणांस काय वाटते ते सांगावयास नको, अशा अर्थाचे लिहून संस्थेतील सर्व सेवकांस त्यांनी आशीर्वाद पाठविला.